पालीच्या खळ्यातली मिनिडोर

रायगड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला मिनिडोर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एसटी चुकली की मिनिडोर, एसटी येणारच नसेल तर मिनिडोर, आणि एसटी समोर उभी असली तरी घाई असेल तर मिनिडोरच. पालीहून नागोठण्याला जाऊन रेल्वे गाठायची असो, खोपोलीला कामावर जायचं असो, की मधेच परळी-पेडलीला उतरायचं असो, 'भरली की सुटेल' हे एकच वेळापत्रक वर्षानुवर्षं चालत आलं. कागदावर ही सहा आसनी. पण तिच्यातून माणसांबरोबर भाताची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, लग्नाचा आहेर, बाळंतीण आणि तिचं गाठोडं, सगळंच गेलं. पाली गाव बल्लाळेश्वराचं, अष्टविनायकाच्या यात्रेचं. बाहेरून येणारे आपल्या मोटारीतून येतात आणि जातात. धोंडसे, पाच्छापूर, नाडसूर, ठाणाळे या सुधागडाच्या कुशीतल्या गावांना आणि त्यांच्याही वरच्या वाड्यांना बाजाराशी, दवाखान्याशी, तहसील कचेरीशी जोडलं ते याच तीन चाकांनी.

यातली एक गाडी पालीपासून थोड्या अंतरावरच्या एका खळ्यात उन्हाळाभर उघडी पडलेली होती. घरातल्या वडिलांनी ती पाली-नागोठणे मार्गावर चालवली. परवाना संपला, पासिंग परवडेना, मग ती गोठ्यामागे ताडपत्रीखाली गेली. आता धाकटा मुलगा आणि गावातला एक मिस्त्री यांनी मिळून तिला पुन्हा उभी केली. प्रवासी वाहतुकीसाठी नाही, तर घरच्या शेतावर आणि वरच्या आंब्याच्या बागेपर्यंत माल नेण्यासाठी. बागेचा रस्ता म्हणजे लाल मातीची चढण, मधे एक व्हाळ, आणि पुढे दगड. मी त्या खळ्यात उन्हाळाभर जाऊन बसलो, कारण गॅरेजमध्ये न जाता घरच्या अंगणात गाडी बांधणं ही विद्या कोकणातल्या गावागावांत आहे आणि तिच्याबद्दल लिहिलेलं फारसं सापडत नाही.

गाडी बाहेर काढली तेव्हा वडिलांचा चेहरा पडला होता. मिस्त्रीने एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "नाना, पत्रा गेला म्हणून काय झालं? सांगाडा शाबूत आहे तुमचा."

हे वाक्य दिलासा द्यायला म्हटलेलं नव्हतं. ते निदान होतं. जुन्या गाडीच्या कामात पत्रा हा दुय्यम भाग असतो. सुधागडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या हवेत पत्रा जाणारच. प्रश्न असतो चेसिसचा. चेसिसच्या पोकळ पट्ट्यांमध्ये चिखल शिरतो, ओल धरून बसतो आणि लोखंड आतून खातो. वरून रंग चांगला दिसतो, आत काही उरलेलं नसतं. म्हणून मिस्त्री आधी हातोडी घेतो आणि वीतवीत अंतरावर हलके ठोके देत जातो. निरोगी लोखंड खणखणतं, खाल्लेलं बद्द आवाज देतं. जिथे आवाज बदलतो तिथे खडूची खूण. मग त्या खुणेवर जुना पेचकस टेकवून जोर द्यायचा. आत गेला तर तेवढा भाग कापायचा, अगदी चांगलं लोखंड लागेपर्यंत. गंजावर वेल्डिंग धरत नाही. दिसायला टाका बसतो, पण पहिल्याच खड्ड्यात सुटतो. या गाडीच्या मागच्या आडव्या पट्टीचा बराच भाग असा कापून टाकावा लागला. नवीन तुकडा जुन्याइतक्याच जाडीचा घेतला आणि बसवताना त्याच्या सगळ्यात खालच्या जागी एक भोक ठेवलं. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट हवी. मूळ पट्टीला अशी वाट नव्हती किंवा ती चिखलाने बुजली होती, आणि पट्टी गेली ती त्यामुळेच.

ग्राइंडर सुरू करण्याआधी एक गोष्ट आवर्जून केली. चेसिसवर कोरलेला नंबर शोधून, ब्रशने साफ करून, त्यावर चिकटपट्टीचे थर लावले. तो नंबर घासला गेला तर गाडीची ओळखच जाते, आणि कायद्याच्या नजरेत तो गुन्हा ठरू शकतो. घरी काम करणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसतं.

वेल्डिंग झाल्यावर जे पाहिलं, त्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल. चारचाकीचा सांगाडा सरळ आहे की नाही हे पाहायला शहरात यंत्रं असतात. इथे खळं होतं, शेणाने सारवलेलं. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून आधी तिन्ही चाकांच्या जागा एका पातळीत आणल्या, जिथे कमी होतं तिथे फळीचे तुकडे सरकवले. मग पुढच्या चाकाच्या बरोबर मधून ओळंबा सोडून जमिनीवर खूण केली. मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यांखाली तशाच खुणा. आता जमिनीवर तीन टिंबं होती. न ताणणारा दोरा घेऊन पुढच्या टिंबापासून मागच्या उजव्या टिंबापर्यंत माप घेतलं, गाठ मारली आणि तीच गाठ मागच्या डाव्या टिंबावर नेली. गाठ टिंबाच्या अलीकडेच राहिली, बोटभर. त्रिकोणाच्या दोन भुजा समान हव्यात, त्या नव्हत्या. कुठल्या तरी जुन्या धडकेत मागचा आस एका बाजूने सरकला होता आणि गाडी वर्षानुवर्षं तिरकी धावत होती. वडील शेजारी बसून पाहत होते. म्हणाले, "म्हणूनच ती एका बाजूला ओढायची. मला वाटायचं, रस्ताच तसा आहे." पाट्यांचे यू-बोल्ट सैल करून, आस ठोकून, पुन्हा दोरा धरून, पुन्हा ठोकून ती गाठ दोन्हीकडे टिंबावर आणली. संध्याकाळ गेली त्यात.

चार चाकांची गाडी थोडी वाकडी असली तरी उभी राहते. तीन चाकांच्या गाडीचा सगळा तोल त्या तीन टिंबांच्या आत असतो. गाडीचं आणि मालाचं वजन जिथे एकवटतं तो बिंदू त्रिकोणाच्या आत राहिला तर गाडी उभी, बाहेर गेला तर आडवी. पुढे एकच चाक असल्यामुळे त्रिकोणाचं टोक पुढे निमुळतं होतं. वळणावर ब्रेक दाबला की वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकतं, म्हणजे नेमकं जिथे आधार कमी तिथे. म्हणून मिनिडोरचे जुने चालक वळणाच्या आधी ब्रेक मारतात, वळणात नाही. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

हाच धडा जगाने मोठी किंमत देऊन घेतला. होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत 'यूएस-९०' नावाची तीनचाकी आणली, पुढे ती 'एटीसी-९०' या नावाने ओळखली गेली. ओसामू ताकेउची या अभियंत्याने ती घडवली. हिवाळ्यात मोटरसायकली विकल्या जात नाहीत, तेव्हा विकायला काहीतरी हवं अशी दुकानदारांची मागणी होती. या गाडीला स्प्रिंग नव्हते. होते ते फुग्यासारखे मोठे टायर, आणि त्यांत हवा इतकी कमी की वाळूत, बर्फात, चिखलात ते जमिनीवर पसरून तरंगत चालायचे. मागच्या आसाला डिफरन्शियलही नव्हतं, दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरायची. त्यामुळे वळवायची असेल तर चालवणाऱ्याने अंग झोकून आतल्या चाकावरचा भार काढावा लागे. ज्यांना हे जमलं त्यांनी त्या गाडीवर प्रेम केलं, ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर ती उलटली. लहान मुलं मोठ्या प्रमाणावर जखमी झाली, मृत्यू झाले, आणि १९८८ साली अमेरिकी सरकारशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी तिथे नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. आज आपल्या अलिबाग, नागाव, काशीदच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या गाड्या चार चाकांच्या आहेत, त्यामागे त्या निर्णयाचाही वाटा आहे. तिकडच्या जुन्या तीनचाकी मात्र लोकांनी टाकल्या नाहीत. घरोघरच्या शेडमध्ये त्या अजूनही खोलल्या आणि बांधल्या जातात.

पालीच्या खळ्यात बदल करायची वेळ आली तेव्हा मुलाच्या डोक्यात व्हिडिओतल्या गाड्या होत्या. गाडी उंच करायची, खालून दगड लागू नये. मिस्त्रीने नकार दिला आणि मला तो पूर्ण पटला. त्रिकोण तेवढाच ठेवून गाडी उंच केली तर वजनाचा बिंदू वर जातो आणि थोड्याशा कलानेही त्रिकोणाबाहेर पडतो. उलट त्यांनी बसण्याची बाकडी आणि छताचा सांगाडा काढला. वरचं वजन उतरलं. हौदा मागच्या आसाच्या थोडा पुढे घेतला, म्हणजे चढणीवर भार मागे सरकला तरी पुढचं चाक जमीन सोडणार नाही. दगडाचा प्रश्न इंजिनाखाली जाड पत्र्याची ढाल लावून सोडवला. मागचे टायर रुंद घ्यायचे ठरले, पण बेअरिंगला झेपेल आणि मडगार्डला घासणार नाही इतकेच. गाडीत नवीन काही घालण्याआधी तिचं जुनं काय आहे हे समजून घेणारा हा माणूस मला फार मोठा कारागीर वाटतो.

इंजिन एका सिलिंडरचं, डिझेलचं. बरीच वर्षं उभं राहिलेलं इंजिन लगेच फिरवायचं नसतं. रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात, जबरदस्ती केली तर तुटतात. नोझल काढून त्या वाटेने तेल सोडलं, काही दिवस मुरू दिलं, मग हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं करत मोकळं केलं. टाकीतून काळा गाळ निघाला. नोझल आणि पंप तेवढे घरी केले नाहीत. ते काम दाब मोजणाऱ्या यंत्रावरच होतं, त्यासाठी पंपवाल्याकडे जावं लागतं. घरी काय करायचं आणि काय नाही याची रेघ स्पष्ट असली पाहिजे. ब्रेकचंही तसंच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणच्या हवेत ते काही वर्षांत व्हील सिलिंडर आतून गंजवतं. तिथे जुनं घासून वापरू असा विचार त्यांनी केला नाही. रबरं, नळ्या, सिलिंडर सगळं नवं घेतलं. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, असं मिस्त्रीचं म्हणणं.

सुरू करायच्या दिवशी इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेटेना. लाइनीत एअर होती. पंपाजवळचा बोल्ट एक आटा सैल केला आणि हातपंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग एक-दोन बुडबुडे, आणि शेवटी बिनहवेची सरळ धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळला. पुढच्या फिरवणीला इंजिन पेटलं आणि पांढरा धूर निघाला. मी घाबरलो, मिस्त्री नाही. पांढरा म्हणजे न जळालेलं डिझेल, थंड इंजिनात येतंच, गरम झालं की जाईल. काळा आला असता तर डिझेल जास्त जातंय, आणि निळा आला असता तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगांचं काम पुन्हा. थोड्या वेळाने धूर विरळ झाला. वडील उठून बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, काही बोलले नाहीत.

आता जो वाद मला घालायचा आहे तो असा. आपल्याकडे २०२१ साली जुन्या वाहनांच्या वारशासाठी केंद्राने स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनं वाहन 'विंटेज' म्हणून नोंदवता येतं, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नोंदणीला वीस हजार रुपये आणि फेरनोंदणीला पाच हजार रुपये शुल्क आहे. चांगला नियम आहे. पण त्याची व्याख्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांची आहे, आणि अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेलं असावं, त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणजे संस्थानिकांची मोटार वारसा आहे, साहेबाची मोटरसायकल वारसा आहे, आणि ज्या गाडीने महाराष्ट्राची भाजी, दूध, सिमेंट आणि माणसं वाहिली ती मोजण्यातच नाही.

आणि तीनचाकीचं 'मूळ स्वरूप' कुठलं धरायचं? चाळीसच्या दशकाच्या अखेरीस नवलमल फिरोदिया यांनी इटलीच्या पियाजिओ कंपनीची मालवाहू तीनचाकी आणून तिच्यावर माणसांना बसायची सोय केली. माणसाने माणसाला ओढायची रिक्षा बंद व्हावी असं मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई बोलले होते, त्यातून फिरोदियांना ही कल्पना सुचली. आपली ऑटोरिक्षा जन्मली तीच एका गाडीत फेरफार करून. पुढे १९५८ साली गोरेगावला हांबुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीच्या सहकार्याने टेम्पो 'हान्सेआट' बनू लागली. बजाज टेम्पोची ही पहिली गाडी. पुढे एक चाक, त्याच्यावर दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, साखळीने तेच चाक फिरवायचं. जर्मनीत तिचं उत्पादन पन्नाशीच्या दशकातच थांबलं, भारतात ती पुढे दशकानुदशकं धावली. तिला कुणी फळ्यांचा हौदा बांधला, कुणी बाकडी लावून सवारी बसवली. कंपनीतून निघालेली हान्सेआट आणि गावात धावलेली हान्सेआट यांत सुताराचं, लोहाराचं, रंगाऱ्याचं काम होतं. ते काम पुसून जी गाडी 'मूळ' ठरेल ती आपल्या रस्त्यावर कधी धावलीच नाही. नव्वदच्या दशकात, तोवर आकुर्डीला गेलेल्या त्याच कंपनीची मिनिडोर आली, कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, आणि आता ती गाडी बनत नाही. पन्नास वर्षं भरेपर्यंत तिच्यातली एक तरी उरेल का, हा साधा हिशेब आहे, आणि उत्तर बरं दिसत नाही.

बल्लाळेश्वराच्या देवळात जी मोठी घंटा आहे ती चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, दिलेली. पोर्तुगीजांची घंटा. ती घडली एका प्रार्थनास्थळासाठी, वाजते दुसऱ्या ठिकाणी. पालीत कुणी तिला मूळ जागी नाही म्हणून वारशातून वगळत नाही. बदललेल्या वस्तूचाही इतिहास असतो हे या गावाला वेगळं शिकवायला नको.

कायद्याची दुसरी बाजू मी नाकारत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात मनमानी फेरफार करू देत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. एटीसीचा इतिहास वाचल्यावर त्यामागचं कारण कुणालाही पटेल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. तिचा व्हिडिओ २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. त्यांनी ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं, कौतुकही केलं, बदल्यात बोलेरो दिली आणि जीप स्वतःकडे जपायला घेतली. मला तो व्यवहार योग्य वाटतो. गाडी रस्त्यावर येऊ दिली नाही, पण भंगारातही जाऊ दिली नाही. सरकारला हेच करता येईल. तीनचाकीला वारशाच्या व्याख्येत घ्या, तिच्यावर झालेलं गावचं काम नोंदवा, फोटो काढा, कुणी केलं ते लिहा, आणि रस्त्यावर आणायची परवानगी वेगळी ठेवा. आकुर्डीपासून पालीपर्यंत या गाड्यांवर काम केलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांना विचारायला कुणी जात नाही, एवढंच.

खळ्यातली गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे घरात पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तिची हद्द घर ते बाग, सगळं स्वतःच्या जमिनीतून. मिरगाच्या आधी तिने पहिली खेप मारली. हौद्यात मुद्दाम खताची पोती भरली होती, कारण रिकाम्या गाडीची परीक्षा खरी नसते. चढणीच्या मध्यावर थांबवून ब्रेक धरून पाहिला, धरला. उतरणीला दुसऱ्या गिअरमध्ये सोडली, इंजिनाने आवरली. व्हाळात मागचं डावं चाक थोडं फिरलं आणि निघालं. रुंद टायर अजून मिळालेले नाहीत, जुन्यांवरच भागवलंय. वडील मागून चालत गेले आणि वर पोचल्यावर आधी पुढच्या चाकाचा खिळा हलवून पाहिला. बुश नवीन आहेत, तरी थोडी खडखड आहे असं त्यांचं मत पडलं. मिस्त्री म्हणतो ग्रीस पोचलं की जाईल. हौद्याच्या फळ्या सध्या कामचलाऊ आहेत. कायमच्या ऐनाच्या घ्यायच्या की सागाच्या, यावर त्या घरात एकमत व्हायचंय. ऐन जड पडतो, सागाला पैसे पडतात, आणि नानांना पहिल्यापासून ऐनच हवाय.